भाग ३४ : विल्यम्स सिंड्रोम, संगीत आणि आपल्या अपेक्षा

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला सोपं जातं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'अ‍ॅक्च्युअली' जरा कमी केलेत. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

 

आज आपण एका जनुकीय अवस्थेबद्दल बोलणार आहोत. तिचं नाव विल्यम्स सिंड्रोम. नाव ऐकलं नसेल तर काही बिघडत नाही, कारण ही अवस्था तशी दुर्मीळ आहे. साडेसात हजार जन्मांमागे एक ते वीस हजार जन्मांमागे एक, असे वेगवेगळे अंदाज आहेत. तुम्ही शोधायला गेलात तर दोन गोष्टी लगेच सापडतील. एक, ही माणसं अनोळखी माणसाशीही जुनी ओळख असल्यासारखी बोलतात. आणि दोन, त्यांना म्हणे संगीताची दैवी देणगी असते.

मला आज या दुसऱ्या गोष्टीबद्दल बोलायचंय. कारण त्यातला एक भाग खरा आहे, एक भाग फुगवलेला आहे, आणि त्या फुगवलेल्या भागामुळे आमच्या घरात एका मुलाचा तबला बंद व्हायची वेळ आली होती. तो मुलगा माझा मावसभाऊ. खरं नाव सांगत नाही, आजच्यापुरतं त्याला बंटी म्हणू. वय तेरा. मावशीला विचारूनच हा भाग करतोय.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही आणि गाण्यातला जाणकार तर अजिबातच नाही. बी.टेक. केलंय, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, दिवसभर बॅकएंडचा कोड लिहितो. पण घरातलंच माणूस असलं की आपोआप वाचन होतं. गेल्या काही वर्षांत यावरचे बरेच शोधनिबंध वाचून काढले. त्यातून जे समजलं ते सांगतो.

नेमकं काय होतं?

१९६१ साली न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या ग्रीन लेन हॉस्पिटलमध्ये डॉ. जे. सी. पी. विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक निरीक्षण प्रसिद्ध केलं. हृदयातून निघणारी महाधमनी झडपेच्या थोडी वर अरुंद झालेले काही रुग्ण त्यांच्याकडे होते. त्यांचे चेहरे एकमेकांसारखे दिसत होते आणि बौद्धिक वाढ हळू होती. पुढच्याच वर्षी जर्मनीत डॉ. ब्यूरेन यांनीही असेच रुग्ण नोंदवले. म्हणून काही ठिकाणी 'विल्यम्स-ब्यूरेन सिंड्रोम' असंही नाव दिसतं.

कारण सापडायला मात्र १९९३ उजाडलं. आपल्या प्रत्येक पेशीत सातव्या क्रमांकाच्या गुणसूत्राच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. विल्यम्स सिंड्रोममध्ये त्यातल्या एका प्रतीवरचा एक छोटा तुकडा गायब असतो. साधारण पंधरा ते अठरा लाख अक्षरांचा तुकडा, आणि त्यावर पंचवीस-सव्वीस जनुकं. त्यातलं एक जनुक इलास्टिन नावाचं प्रथिन बनवतं. रक्तवाहिन्यांना ताण सोसून पुन्हा मूळ आकारात येण्याची लवचीकता या प्रथिनामुळे मिळते. ते अर्धंच तयार झालं की रक्तवाहिन्या अरुंद होतात. हृदयाचा त्रास येतो तो इथून.

आता हा तुकडा गायब का होतो? हे माझ्या धंद्यातलं उदाहरण घेऊन सांगतो. समजा एका लांबलचक फाइलमध्ये एक मोठा परिच्छेद आहे, आणि त्याच्या आधी आणि नंतर जवळपास सारख्याच ओळी आहेत. दोन फाइली शेजारी ठेवून जुळवताना प्रोग्रॅमने वरच्या ओळी खालच्या ओळींशी जुळवल्या, तर मधला अख्खा परिच्छेद गळून जाईल. सातव्या गुणसूत्रावर त्या भागाच्या दोन्ही बाजूंना असेच सारखे दिसणारे पट्टे आहेत. स्त्रीबीज किंवा शुक्राणू तयार होताना जुळवणी घसरते आणि मधला भाग निघून जातो. गंमत म्हणजे त्याच घसरण्यातून कधीकधी उलटंही होतं, तोच तुकडा एकाऐवजी दोनदा येतो. तेव्हा वेगळीच अवस्था तयार होते, आणि तिच्यात बोलणं उशिरा येतं, माणसांमध्ये जायची भीती वाटते.

हे एवढं सविस्तर सांगायचं कारण आहे. बहुतेक वेळा हा तुकडा नव्यानेच गळलेला असतो, आईवडिलांमध्ये तो दोष नसतो. कुणी काय खाल्लं, काय पाहिलं, याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. बंटी लहान असताना मावशीला मात्र चार वर्षं ऐकावं लागलं, की दिवस असताना ग्रहण नीट पाळलं नसशील. बंटी रात्र रात्र रडायचा, दूध पचायचं नाही, छातीत मर्मर ऐकू यायचा. एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे असं करत शेवटी एका जनुकतज्ज्ञ बाईंनी चेहरा पाहून शंका घेतली आणि फिश नावाची रक्ताची तपासणी करायला सांगितली. रिपोर्ट आला त्या दिवशी मावशी रडली, पण नंतर मला म्हणाली, "निदान आता मला कुणी ग्रहण विचारणार नाही."

एकाच डोक्यात दोन टोकं

या अवस्थेकडे मेंदूविज्ञानाचं लक्ष गेलं ते तिच्या विषमतेमुळे. बुद्ध्यंक सरासरीने पन्नास-साठच्या आसपास. पण सगळं सारखंच कमी, असं नसतं. कॅलिफोर्नियातल्या साल्क इन्स्टिट्यूटमध्ये अर्सुला बेलुगी यांनी वर्षानुवर्षं यावर काम केलं. त्यांचं एक उदाहरण खूप प्रसिद्ध आहे. विल्यम्स सिंड्रोम असलेल्या एका किशोरवयीन मुलीला त्यांनी हत्तीचं चित्र काढायला सांगितलं, आणि हत्तीबद्दल बोलायलाही सांगितलं. चित्रात अवयव इकडे तिकडे विखुरलेले, शेजारी नावं लिहिली नसती तर तो हत्ती आहे हे कळलंही नसतं. बोलणं मात्र रसरशीत. हत्ती कसा असतो, काय करतो, सगळं रंगवून सांगितलेलं.

म्हणजे जागा आणि आकार यांचा मेळ घालणं फार अवघड, आणि शब्द, आवाज, माणसं ही जमेची बाजू. बंटीला आजही शर्टाची बटणं लावायला वेळ लागतो. पैसे मोजता येत नाहीत. पण तुमच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं ना, ते कसं आहे, हे तो सहा महिन्यांनीसुद्धा आठवणीने विचारेल.

ग्लोरिया

आता संगीत. याची चर्चा जगभर पोचली त्यात एका बाईंचा मोठा वाटा आहे. ग्लोरिया लेनहॉफ. त्यांचे वडील हॉवर्ड लेनहॉफ हे कॅलिफोर्निया विद्यापीठात, अर्व्हाइनला प्राध्यापक होते. ग्लोरियांना विल्यम्स सिंड्रोम आहे. साधी वजाबाकी त्यांना अवघड जाते. पण त्या ऑपेरा पद्धतीचं गातात, अकॉर्डियन वाजवतात, आणि पंचवीसच्या आसपास भाषांमधली मिळून दोन हजारांच्या घरात गाणी त्यांना पाठ. स्वरलेखन वाचता येत नाही, सगळं कानाने उचललेलं. १९८८ मध्ये त्यांच्यावर एक माहितीपट अमेरिकेत टीव्हीवर दाखवला गेला. पुढे ऑलिव्हर सॅक्स यांनीही 'म्युझिकोफिलिया' या पुस्तकात विल्यम्स सिंड्रोमवर एक प्रकरण लिहिलं.

हॉवर्ड लेनहॉफ स्वतः वैज्ञानिक. मुलीकडे पाहून त्यांना प्रश्न पडला, की हे फक्त ग्लोरियाचं आहे की या सगळ्यांचंच? १९९४ पासून मॅसॅच्युसेट्समधल्या लेनॉक्स गावी विल्यम्स सिंड्रोम असलेल्यांसाठी उन्हाळी संगीत शिबिर सुरू झालं, आणि संशोधकांना अशी बरीच माणसं एकत्र भेटायला लागली.

२००१ साली लेनहॉफ आणि सहकाऱ्यांनी पाच जणांची चाचणी प्रसिद्ध केली. विषय होता निरपेक्ष स्वरज्ञान. म्हणजे कुठलाही आधारस्वर न देता नुसता एक सूर ऐकवला, तर तो कुठली पट्टी आहे हे ओळखणं. कुकरची शिट्टी ऐकून "काळी चार" म्हणणारी माणसं असतात ना, ते. या पाच जणांनी हजाराहून जास्त प्रयत्नांत सत्त्याण्णव टक्क्यांहून जास्त बरोबर उत्तरं दिली. इतका अचूक कान चांगल्या व्यावसायिक संगीतकारांमध्येही विरळ.

झालं! इथून बातमी सुटली. आणि बातमीत 'पाच जण' हा शब्द हळूहळू गळून गेला. "या मुलांना परफेक्ट पिच असते" एवढंच उरलं. आमच्या फॅमिली ग्रुपवर हा फॉरवर्ड तीन वेगवेगळ्या नातेवाइकांकडून आला होता.

मोजल्यावर काय दिसलं

आता यातली मेख बघा. ते पाच जण कोण होते? जे आधीपासून संगीत शिकत होते, ज्यांचा कान तयार आहे असं दिसत होतं, ते. त्यांच्यावरून सगळ्यांबद्दल बोलणं म्हणजे सवाई गंधर्वच्या स्टेजवर जाऊन पुणेकरांच्या गाण्याची सरासरी काढण्यासारखं आहे. पुढे स्पेनमध्ये पास्तोरा मार्टिनेझ-कास्तिया आणि त्यांच्या गटाने, निवडक गुणी मंडळी न घेता, हीच गोष्ट तपासली. तेव्हा विल्यम्स सिंड्रोममध्ये निरपेक्ष स्वरज्ञान सर्रास असतं, असं काही दिसलं नाही.

आणि मग २०१३ चा एक अभ्यास आहे, तो माझ्या मते यातला सगळ्यात महत्त्वाचा. मिरियम लेन्स आणि सहकाऱ्यांचा. त्यांनी विल्यम्स सिंड्रोम असलेले ७३ किशोरवयीन आणि प्रौढ घेतले. ओळखीच्या चाली ऐकवायच्या, काहींमध्ये मुद्दाम चुकीचे सूर घातलेले, आणि चाल बरोबर वाजली की चुकीची ते विचारायचं. ज्यांना हा फरक अजिबातच कळत नाही, त्यांच्या अवस्थेला अम्युझिया म्हणतात. सर्वसाधारण लोकांमध्ये हे प्रमाण चार टक्के धरलं जातं. इथे ते निघालं अकरा टक्के. म्हणजे ज्यांना दैवी देणगी असते असं आपण म्हणतोय, त्यांच्यात सुराचा कान नसलेली माणसं कमी नव्हती, उलट जास्तच निघाली.

पण खरी गोष्ट पुढे आहे. या चाचणीत कोणाला किती गुण मिळाले, त्यावरून त्याचं गाण्या-वाजवण्यातलं कौशल्य बऱ्यापैकी सांगता येत होतं. ठीक, अपेक्षितच आहे. पण संगीताने तो किती हलतो, किती आनंदतो, किती रडतो, हे त्या गुणांवरून सांगता येत नव्हतं. ते जास्त जुळत होतं एकूण आवाजांबद्दलच्या संवेदनशीलतेशी.

मी हे वाचलं तेव्हा लॅपटॉप बंद करून जरा वेळ बसलो. कारण आपण सगळे आवड आणि कौशल्य ही दोन मूल्यं एकाच व्हेरिएबलमध्ये ठेवतो. मूल गाण्यात रमतंय म्हणजे त्याला गाणं येणार. आणि येत नसेल, तर ते रमणं खोटं किंवा निरुपयोगी. इथे ७३ माणसांनी दाखवून दिलं, की ही दोन मूल्यं वेगवेगळी असू शकतात.

एक अभ्यास तालाचाही आहे. डॅनियल लेव्हिटिन आणि बेलुगी यांनी १९९८ मध्ये केलेला. टाळ्यांचा एक छोटा तुकडा वाजवून दाखवायचा आणि मुलाने तो तसाच परत वाजवायचा. विल्यम्स सिंड्रोमच्या मुलांची अचूकता साधारण बाकीच्या मुलांइतकीच होती. फरक होता चुकांमध्ये. त्यांची चूकसुद्धा तालात बसणारी असायची. समोरच्याने प्रश्न विचारावा आणि यांनी उत्तर द्यावं, तसा तो तुकडा पुरा व्हायचा. तबलेवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर मधले बोल बदलले, पण गडी समेवर आला! चाचणीत ती चूक धरायची. बैठकीत मात्र एखादा त्याला दादच देईल.

तोच कान, तेच दुखणं

आवाजाबद्दलच्या संवेदनशीलतेची दुसरी बाजू घरच्यांना आधी दिसते. विल्यम्स सिंड्रोमच्या बहुतेकांना काही आवाज सहनच होत नाहीत. मिक्सर, फटाके, फुगा फुटणं, ढोल-ताशा. बंटी चार वर्षांचा असताना मिक्सर लावायचा तर त्याला आधी शेजारी सोडून यावं लागायचं. आणि तोच मुलगा फ्रिजच्या घरघरीला कान लावून अर्धा अर्धा तास बसायचा. या माणसांना काही आवाजांचं असं विलक्षण वेडही असू शकतं.

मेंदूच्या स्कॅनमध्येही थोडा सुगावा लागतो. २००३ मध्ये लेव्हिटिन यांच्या गटाने अगदी थोड्या जणांना स्कॅनरमध्ये संगीत आणि नुसता गोंगाट ऐकवला. इतरांमध्ये आवाजाचं काम मुख्यतः कानाजवळच्या ठरावीक भागांत होतं. विल्यम्स सिंड्रोमच्या मेंदूत ते जास्त पसरलेलं दिसलं, आणि अमिग्डाला नावाचा भाग, जो भावना आणि भीती यांच्याशी निगडित आहे, तो जास्त चेतलेला होता. अभ्यास छोटा आहे, त्यामुळे त्यावर इमारत बांधू नये. पण ज्यांच्या घरात असं मूल आहे, त्यांना हे पटेल. आवाज यांच्या नुसता कानात जात नाही.

म्हणूनच "संगीत लावा, शांत होईल" हा सल्लाही सरसकट चालत नाही. विल्यम्स सिंड्रोममध्ये चिंता, धास्ती यांचं प्रमाण बरंच जास्त असतं. एखादी करुण चाल बंटीला इतकी लागते, की तो जेवत नाही.

बंटीचा तबला

आता घरातलं सांगतो.

फॉरवर्ड फिरल्यावर सगळ्यांनी ठरवून टाकलं, की बंटी मोठा कलाकार होणार. दहाव्या वर्षी त्याला तबल्याच्या क्लासला घातलं. कारण तो डबे बडवायचा, आणि मनापासून बडवायचा. क्लासच्या सरांनाही कुणीतरी सांगितलं होतं, की या मुलांना देणगी असते. पहिले दोन महिने कौतुक झालं. त्या वर्षी गणपतीत एका मंडळाने 'विशेष बालकलाकार' म्हणून त्याला स्टेजवर बसवलं. शेजारीच दोन मोठे स्पीकर. पहिलाच ठोका स्पीकरमधून अंगावर आला आणि त्याने तबला सोडून कान झाकले. लोक हसले. वाईट हेतूने नाही, पण हसले.

सात महिने झाले तरी कायदा बसेना. यात नवल काही नाही, विल्यम्स सिंड्रोममध्ये बोटांची बारीक कामं अवघडच जातात. पण सरांना परीक्षेला मुलं बसवायची होती. त्यांनी एक दिवस काकांना बाजूला घेऊन सांगितलं, की त्याचा वेळ आणि तुमचे पैसे दोन्ही वाया जातायत. काकांनाही ते पटलं. मी काकांना दोष देत नाही. स्पीच थेरपी, हृदयाच्या तपासणीसाठी पुण्याच्या खेपा, एकाच्या पगारात किती करणार? त्यांचा प्रश्न सरळ होता : "याला यात काही होणार नसेल, तर उपयोग काय?"

मावशीने मला फोन केला. "तू ते पेपर वाचतोस ना, मग सांग, याला देणगी आहे की नाही?"

मी तिला त्या ७३ माणसांचा अभ्यास मराठीत समजावून सांगितला. म्हटलं, "मावशी, देणगी असेल-नसेल, त्याच्याशी आपल्याला काय करायचंय? तो वाजवताना कसा असतो ते तू रोज बघतेस." ती म्हणाली, "तो वाजवताना घाबरलेला नसतो." दिवसभर कशाची ना कशाची धास्ती घेणाऱ्या मुलाबद्दल हे वाक्य होतं.

क्लास सुटलाच. पण गल्लीतल्या विठ्ठलमंदिरात दर गुरुवारी भजनी मंडळ बसतं. तिथले तबलजी, सत्तरीचे असतील, सगळे त्यांना आप्पा म्हणतात. मावशीने त्यांना विचारलं. ते म्हणाले, "पाठवा की. हाताने नाही आलं तर तोंडाने म्हणेल."

आणि मंडळी, मला वाटतं इथे आपल्या परंपरेचा एक मोठा फायदा आहे. हे माझं मत, संशोधन नाही. पाश्चात्त्य पद्धतीत कागदावरचे पाच रेघांमधले ठिपके वाचावे लागतात. जागेचा आणि आकाराचा मेळ घालणं ज्याला जमत नाही, त्याच्यासाठी ती भिंतच. आपल्याकडे तबला आधी तोंडाने शिकवतात. धा धिं ना, धा तिं ना, अशी पढंत. बोल म्हणजे शब्दच, आणि शब्द ही तर या मुलांची जमेची बाजू. पट्टीचंही तसंच. आपल्याकडे सा गायकाच्या गळ्याप्रमाणे खाली-वर हलतो, त्यामुळे कुकरची शिट्टी ओळखता आली नाही म्हणून कुणाचं गाणं अडत नाही.

आज बंटीला दादरा आणि केरवा येतो. लय चढते. आप्पा मांडीवर थाप मारून ती खाली आणतात. तीनताल अजून बसलेला नाही, कदाचित बसणारही नाही. पण गुरुवार आला की तो चार वाजल्यापासून तयार असतो. तिथे आठ-दहा माणसं त्याची वाट बघतात, आला नाही तर घरी फोन येतो. हे मला सगळ्यात मोठं वाटतं. कारण विल्यम्स सिंड्रोमबद्दल एक गोष्ट फॉरवर्डमध्ये कधी येत नाही. ही माणसं सगळ्यांशी बोलतात, पण मैत्री टिकवणं त्यांना जमत नाही. वय वाढतं तसं एकटेपण वाढतं. शाळेत बंटीला सगळे ओळखतात, पण वाढदिवसाला बोलावत कुणी नाही.

अजून एक छोटी गोष्ट. २०११ च्या एका अमेरिकन अभ्यासात असं दिसलं होतं, की विल्यम्स सिंड्रोम असलेले जे लोक रीतसर संगीत शिकलेत, त्यांना बोलून सांगितलेल्या वाक्यांपेक्षा गाऊन सांगितलेली वाक्यं जास्त चांगली लक्षात राहतात. ते वाचून मावशीने काकांचा मोबाइल नंबर केरव्याच्या चालीत बसवला. दोन वर्षं पाठ होत नव्हता, तीन आठवड्यांत झाला. आता कुणी नंबर विचारला की तो हाताने ठेका धरूनच सांगतो. तो एकटा कुठे चुकला तर, या काळजीने मावशीला झोप लागायची नाही. त्यातला थोडा भार हलका झाला.

ज्यांना उपयोग होईल त्यांच्यासाठी

ऐकणाऱ्यांमध्ये कुणी पालक असतील, कुणी गाण्याचे किंवा वाद्याचे शिक्षक असतील, त्यांच्यासाठी चार गोष्टी.

पहिली, तब्येतीची. निदान झालेलं असेल तर हृदयाची आणि रक्तदाबाची तपासणी नियमित करा. कुठल्याही ऑपरेशनच्या आधी, अगदी दाताच्या कामासाठी गुंगी द्यायची असली तरी, भूलतज्ज्ञांना विल्यम्स सिंड्रोम आहे हे स्पष्ट सांगा. या रुग्णांना भूल देताना धोका जास्त असतो. लहान मुलांमध्ये रक्तातलं कॅल्शियम वाढू शकतं, म्हणून ड जीवनसत्त्वाचे थेंब डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

दुसरी, शिक्षकांसाठी. आधी म्हणून घ्या, मग वाजवून घ्या. वहीत लिहून देऊ नका, रेकॉर्ड करून द्या. तुकडे छोटे ठेवा. चूक झाली तर ती तालात आहे का बघा, असेल तर तिथूनच पुढे न्या.

तिसरी, आवाजाची. वर्ग गोंगाटाचा नको. माइक, स्पीकर लावायचे असतील तर मुलाला आधी सांगा, हळू आवाजात ऐकवा, आणि नको म्हणालं तर ऐका. कान झाकणं हा हट्ट नसतो, त्यांना खरंच त्रास होतो.

चौथी, आपल्या सगळ्यांसाठी. असं मूल दिसलं की "देव एक काढून घेतो पण दुसरं देतो" हे म्हणायचा मोह होतो. म्हणणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण त्या वाक्यात एक हिशोब असतो, आणि मग ते 'दुसरं' मुलाने करून दाखवावं लागतं. ज्याला ते दाखवता येत नाही, त्याचं काय? ग्लोरिया लेनहॉफ थोर आहेतच. पण बंटीला ग्लोरिया व्हायची गरज नाही. आपल्यापैकी किती जण गाडीत बेसूर गातात, गणपतीच्या आरतीला झांजा चुकवतात! आपल्याला कुणी विचारत नाही, याचा उपयोग काय म्हणून. तेवढी सूट या मुलांनाही मिळावी.

काकांनी अजून पूर्ण मान्य केलेलं नाही, हेही सांगतो. तबल्याला नवी शाई घालायचा खर्च आला तेव्हा कुरकुरले होते. पण गेल्या आषाढी एकादशीला ते पहिल्यांदा मंदिरात येऊन शेवटपर्यंत बसले. काही बोलले नाहीत. घरी जाताना तबला त्यांनी उचलला, डग्गा बंटीने.

तुमच्या ओळखीत विल्यम्स सिंड्रोम असलेलं कुणी असेल आणि ते गात-वाजवत असेल, किंवा नुसतं ऐकत असेल, तर मला नक्की कळवा. विशेषतः शिक्षकांचे अनुभव ऐकायला आवडतील, काय जमलं आणि काय नाही, दोन्ही. पुरेसे अनुभव जमले तर त्यावर वेगळा भाग करू.

आजच्यापुरतं एवढंच. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत काळजी घ्या, आणि हो, आज घरी जाऊन बेसूर का होईना, काहीतरी गुणगुणा.